बॅकरा कसा खेळायचा: पहिल्यांदा टेबलावर बसणाऱ्यांसाठी

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पहिल्यांदा गेलेले लोक आधी रूलेटच्या चाकाभोवती उभे राहतात आणि मग ओळखीचं म्हणून अंदर-बाहर किंवा तीन पत्तीच्या टेबलाकडे वळतात. बॅकराच्या टेबलापाशी थबकतात आणि पुढे सरकतात. तिथं कुणी पान मागत नाही, कुणी पॅक करत नाही. डीलर ठरलेल्या क्रमानं पानं टाकतो आणि अर्ध्या मिनिटात पैसे इकडचे तिकडे होतात. बघणाऱ्याला वाटतं, हे प्रकरण आपल्या आवाक्यातलं नाही. प्रत्यक्षात कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळांत इतका सोपा दुसरा क्वचितच सापडेल. पैसे कुठे लावायचे आणि किती, एवढंच तुमच्या हातात असतं. चिप ठेवली की पुढचं सगळं नियम ठरवतात. म्हणून बॅकरात जे शिकायचं ते सगळं पहिलं पान पडायच्या आधी शिकायचं.

कुठे खेळता येतो, कुठे नाही

महाराष्ट्रात नाही. 1976 साली राज्यानं कॅसिनोंसाठी एक कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये सरकारनं तो रद्द करायचा निर्णय घेतला. त्यामुळे एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा फार्महाउसवर 'प्रायव्हेट टेबल' लागतं असं कुणी सांगितलं, तर तो सरळसरळ जुगाराचा अड्डा आहे आणि धाड पडली तर खेळणाऱ्यांवरही गुन्हा दाखल होतो.

गोव्याचा कायदाही 1976 चाच. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना, आणि 1996 मध्ये बोटींवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. खरी टेबलं नदीत आणि हॉटेलांमध्ये बहुतेक यंत्रं, हा प्रकार त्यातून आला. खेळायला वय 21 पूर्ण हवं, सोबत सरकारी ओळखपत्र हवं; पॅन कार्डही ठेवा. खुद्द गोव्याच्या रहिवाशांना 1 फेब्रुवारी 2020 पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे पणजीतल्या मित्राला सोबत न्यायचा बेत करू नका. गोव्याबाहेर गंगटोकला आणि शेजारी काठमांडूलाही कॅसिनो आहेत.

मोबाइलवर 'लाइव्ह बॅकरा' दाखवणाऱ्या ॲपांच्या नादी लागू नका, हे मी कळकळीनं सांगतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या पैशांच्या व्यवहारांवर बंदी घातली आहे. तरीही टेलिग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर लिंका फिरतात. तिथं तुमचे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. पानं खरी आहेत की आधीच ठरवलेली, हेही तुम्हाला तपासता येत नाही.

पानांची किंमत

आठ कॅट एकत्र पिसून, म्हणजे 416 पानं, एका लांबट डब्यात ठेवतात. त्या डब्याला शू म्हणतात. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट यांना इथं काही अर्थ नाही. एक्का म्हणजे 1. दुर्रीपासून नव्वीपर्यंत पानावरचा आकडा तीच किंमत. दश्शी, गुलाम, राणी आणि राजा या सगळ्यांची किंमत शून्य. रमी किंवा तीन पत्ती खेळलेल्या माणसाचे डोळे राजा-राणी दिसले की चमकतात, ती सवय इथं सोडावी लागते.

हातातल्या पानांची बेरीज करायची आणि दहा किंवा जास्त झाली तर दशक सोडून द्यायचं. सत्ती आणि अठ्ठी मिळून 15, म्हणजे 5. राजा आणि तिर्री मिळून 3. दश्शी आणि गुलाम मिळून शून्य. सर्वांत मोठी बेरीज 9. ज्या हाताची बेरीज 9 च्या जवळ तो जिंकला.

टेबलावर हात दोनच पडतात, एक 'प्लेअर'चा आणि एक 'बँकर'चा. नवख्यांचा पहिला गोंधळ इथंच होतो. प्लेअर म्हणजे तुम्ही नव्हे आणि बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे. ती दोन हातांची नुसती नावं आहेत. टेबलाभोवती सात जण बसलेले असोत किंवा एकटे तुम्ही, हात दोनच असतात आणि कुणीही कुठल्याही हातावर पैसे लावू शकतो. शेजारचा आणि तुम्ही एकाच बाजूला असाल तर दोघं एकदम जिंकाल, एकदम हराल.

तिसरं पान कधी येतं

आधी दोन्ही हातांना दोन-दोन पानं मिळतात. पहिलं प्लेअरला, दुसरं बँकरला, तिसरं प्लेअरला, चौथं बँकरला. यात कुणाचीही बेरीज 8 किंवा 9 झाली तर त्याला नॅचरल म्हणतात आणि हात तिथंच संपतो.

नॅचरल नसेल तर आधी प्लेअरचं बघायचं. बेरीज 0 ते 5 असेल तर प्लेअर तिसरं पान घेतो, 6 किंवा 7 असेल तर थांबतो.

मग बँकर. प्लेअर थांबला असेल तर बँकरलाही तोच नियम, 5 पर्यंत पान घ्यायचं आणि 6-7 वर थांबायचं. पण प्लेअरनं तिसरं पान घेतलं असेल तर ते पान कोणतं आलं यावर बँकरचं ठरतं (डावीकडचा आकडा म्हणजे बँकरची बेरीज):

0, 1, 2 : बँकर नेहमी पान घेतो.
3 : प्लेअरचं तिसरं पान अठ्ठी असेल तर थांबतो, एरवी घेतो.
4 : प्लेअरचं तिसरं पान दुर्री ते सत्ती असेल तर घेतो.
5 : चव्वी ते सत्ती असेल तर घेतो.
6 : छक्की किंवा सत्ती असेल तरच घेतो.
7 : थांबतो.

हे पाठ करायची गरज नाही, डीलरला तोंडपाठ असतं. तरी एकदा समजून घ्या, कारण सगळ्या खेळाची किल्ली यातच आहे. बँकरची बेरीज 3 आहे आणि प्लेअरला तिसरं पान अठ्ठी आलं, असं धरा. प्लेअरनं पान घेतलं याचा अर्थ त्याची आधीची बेरीज 0 ते 5 यांतली काहीतरी होती. त्यात 8 मिळवून बघा: 0 चे 8 होतात, 1 चे 9. पण 2 चे शून्य, 3 चा 1, 4 चे 2 आणि 5 चे 3. म्हणजे सहापैकी चार वेळा प्लेअर 3 किंवा त्याच्या खालीच राहिला. अशा वेळी बँकरनं 3 वर स्वस्थ बसणंच शहाणपणाचं, आणि नियमही तेच सांगतो. आता बँकरकडे 6 आहेत आणि प्लेअरला तिसरं पान छक्की आलं. प्लेअरची बेरीज आता 6, 7, 8, 9, 0 किंवा 1 असणार. यात तीन ठिकाणी बँकर मागे पडतो, एका ठिकाणी बरोबरी होते आणि दोनच ठिकाणी जिंकतो, म्हणून 6 असूनही तो आणखी एक पान घेतो. प्लेअरचा हात आंधळेपणानं खेळतो आणि बँकरचा हात समोरच्याचं पान बघून खेळतो. बँकर थोडा जास्त वेळा जिंकतो तो यामुळे.

एक पूर्ण हात बघू. तुम्ही बँकरवर 500 ठेवलेत. प्लेअरला बदामची सत्ती आणि किलवरची अठ्ठी, बेरीज 5. बँकरला इस्पिकचा राजा आणि चौकटची तिर्री, बेरीज 3. नॅचरल नाही. प्लेअर 5 वर पान घेतो आणि येते इस्पिकची अठ्ठी. 5 आणि 8 मिळून 13, म्हणजे 3. बँकरकडे 3 आणि प्लेअरचं तिसरं पान अठ्ठी, म्हणून बँकर थांबतो. तीनास तीन, बरोबरी. तुमचे 500 जागच्या जागी राहतात, हवे तर उचला, हवे तर ठेवा. पुढच्या हातात प्लेअरला दुर्री-चव्वी मिळून 6, तो थांबला. बँकरला दश्शी-पंजी मिळून 5, नियमानं पान घेतलं, चव्वी आली, झाले 9. बँकर जिंकला आणि तुम्हाला 475 मिळाले. 25 कमिशनचे गेले.

चित्रपटांत सूट घातलेला नायक विचार करून पान मागतो ते दृश्य पाहिलेल्यांना हे बेचव वाटेल. तो खेळ जुना फ्रेंच प्रकार, शमँ द फेर. त्यात खेळणारेच आळीपाळीनं बँक धरतात आणि 5 वर पान घ्यायचं की नाही हे ठरवायची मुभा असते. आज कॅसिनोत असतो तो पुंतो बँको, क्युबातून टॉमी रेन्झोनी यांनी 1959 मध्ये लास वेगासच्या सँड्स कॅसिनोत आणला तो. त्यात ती मुभा राहिली नाही.

पैसे कुठे लावायचे

प्रत्येकासमोर तीन मुख्य खण असतात: प्लेअर, बँकर आणि टाय, म्हणजे बरोबरी. प्लेअर जिंकला तर लावले तेवढेच मिळतात. बँकर जिंकला तर पाच टक्के कमिशन कापून मिळतात. टाय लागला तर आठपट, आणि त्या वेळी प्लेअर-बँकरवरचे पैसे कुणी घेत नाही.

आठ कॅटांच्या खेळात बँकर 45.86 टक्के वेळा जिंकतो, प्लेअर 44.62 टक्के आणि टाय 9.52 टक्के वेळा होतो. बँकरवर कमिशन नसतं तर डोळे मिटून बँकरवर लावणारा माणूस कॅसिनोलाच लुटून गेला असता. कमिशन धरल्यावर बँकरच्या बेटावर, म्हणजे लावलेल्या पैशांवर, कॅसिनोचा वाटा उरतो 1.06 टक्के, प्लेअरवर 1.24 टक्के आणि टायवर 14.36 टक्के.

टक्के वाचून काही उमजत नाही, म्हणून रुपयांत सांगतो. दर हाताला 500 लावून तासाला 60 हात खेळलात तर तुम्ही एकूण 30,000 रुपयांची बेटं लावलीत. सरासरी धरली तर बँकरवर तासाला सुमारे 318 रुपये जातील, प्लेअरवर 372 आणि टायवर 4,300 च्या वर. टेबल तेच, वेळ तेवढाच, चिपही तीच. आठपटीच्या आशेनं टायच्या खणात चिप सरकवणारे प्रत्येक टेबलावर असतात. नऊ-दहा हातांत एकदा टाय येतो हे त्यांना दिसतं. एवढं विरळ लागणाऱ्या बेटाला नऊपट मिळाले असते तरी खेळणाऱ्याच्या पदरी तोटाच आला असता, आणि इथं मिळतात आठपट. टायला हात लावू नका.

कडेचे छोटे खणही तसेच. प्लेअर पेअर आणि बँकर पेअर, म्हणजे पहिली दोन पानं जोडीची आली तर अकरापट, यावर कॅसिनोचा वाटा 10.36 टक्के.

आता एक गोष्ट जी नवख्यांना कुणी सांगत नाही. काही टेबलांवर 'नो कमिशन' अशी पाटी असते. वाचून बरं वाटतं, बँकरवर पूर्ण पैसे! बारीक अक्षरांतला नियम वाचा: बँकर 6 च्या बेरजेवर जिंकला तर निम्मेच पैसे मिळतात. तो प्रसंग सुमारे 5.4 टक्के हातांत येतो आणि तेवढ्यानं बँकरवरचा कॅसिनोचा वाटा 1.46 टक्क्यांवर जातो, कमिशनच्या टेबलापेक्षा जास्त. म्हणून साध्या टेबलावर बँकर स्वस्त आणि या टेबलावर प्लेअर स्वस्त. अशा टेबलावर 'सुपर सिक्स' नावाचं वेगळं बेट असतं, बँकर 6 वर जिंकला तर बारापट. त्यावर कॅसिनोचा वाटा 30 टक्क्यांना टेकतो. टायहूनही वाईट.

टेबलावर बसताना

आधी टेबलाच्या कोपऱ्यातली पाटी बघा. त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त बेट लिहिलेलं असतं. शनिवार-रविवारी आणि रात्र चढली की कमीत कमीचा आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा दुपारी बघून ठेवलेल्या पाटीवर विसंबू नका.

चिप्स घ्यायच्या आधी काउंटरवर एक प्रश्न विचारा: मी एवढे रुपये दिले तर रोखीत बदलता येतील अशा किती चिप्स हातात येतील? प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण आणि पेयांबरोबर काही चिप्स किंवा कुपनं मिळतात, पण त्यांतली बरीचशी फक्त एकदा खेळायची असतात आणि काउंटरवर बदलून मिळत नाहीत. दुसरं म्हणजे जीएसटी. कॅसिनोवर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी चिप्स घेण्यासाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर लागू झाला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. दिलेल्या रकमेतच कर धरला तर 14,000 रुपयांतले 4,000 कराचे आणि चिप्स 10,000 च्या. वर काढलेले तासाला 318 रुपये या 4,000 पुढे काहीच नाहीत. हा भार कोण कसा वसूल करतं ते ठिकठिकाणी वेगळं असतं, म्हणून विचारायचं. जिंकलेल्या चिप्स तिथंच पुन्हा लावल्या तर त्यावर नव्यानं कर लागत नाही, पण नव्यानं विकत घेतल्या की लागतो. न खेळलेल्या चिप्स परत केल्या म्हणून भरलेला जीएसटी परत येत नाही. तेव्हा 'घेऊन ठेवू, उरल्या तर परत करू' हा हिशेब महागात पडतो. लागतील तेवढ्याच घ्या.

टेबलावर रोख देऊन चिप्स मिळत असतील तर नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. वरच्या कॅमेऱ्याला त्या दिसायला हव्यात, यात तुमचंही हितच आहे. फोन खिशात. नव्या शूच्या सुरुवातीला डीलर पहिलं पान उघडतो आणि त्याच्या आकड्याइतकी पानं न दाखवता बाजूला काढून टाकतो. काही चुकलं म्हणून नव्हे, ती रीतच आहे.

'प्लेस युअर बेट्स' म्हटल्यावर आपल्या सीटच्या आकड्यासमोरच्या खणात चिप ठेवा. 'नो मोर बेट्स' म्हटल्यावर हात मागे. त्यानंतर चिप सरळ करायला बोट लावलं तरी डीलर हटकतो. छोट्या टेबलावर पानांना हात लावायचा नसतो. मोठ्या रकमेच्या टेबलावर त्या बाजूला सर्वांत जास्त पैसे लावलेल्या खेळाडूला पानं उघडू देतात. चीनमधल्या मकावमध्ये तर हा सोहळाच असतो: पान टेबलाला चिकटवून कडेनं मिलिमीटरभर वाकवत न्यायचं, आधी कडेचे ठिपके बघायचे, मग आतले, आणि शेजारचे त्या पानावर झुकून ओरडत असतात. पान चुरगळतं, म्हणून एकदा वापरून फेकून देतात. आकडा शूमधून निघाला तेव्हाच ठरलेला असतो, तरी त्या दहा सेकंदांची ओढ समजण्यासारखी आहे. मकावच्या कॅसिनोंचं बहुतांश उत्पन्न या एका खेळातून येतं.

कमिशन काही टेबलांवर लगेच कापतात, काही ठिकाणी डीलर तुमच्या नंबरच्या खणात खूण ठेवतो आणि शू संपल्यावर हिशेब करतो. मध्येच उठणार असाल तर ते आधी चुकतं करावं लागतं. नवखे लोक चिप्स गोळा करून निघतात आणि डीलरनं मागे बोलावलं की गोरेमोरे होतात.

पडद्यावरचे लाल-निळे गोल

प्रत्येक टेबलाच्या डोक्यावर एक पडदा असतो. बँकर जिंकला की लाल गोल, प्लेअर जिंकला की निळा, टायला हिरवी रेघ. एकाच बाजूचे निकाल खाली-खाली उतरत जातात आणि बाजू बदलली की नवा स्तंभ सुरू होतो. याला बिग रोड म्हणतात, आणि त्यावरून काढलेले आणखी तीन-चार तक्ते खाली असतात. लोक कागदावर हेच उतरवत बसतात. सलग सहा लाल आले की निम्मं टेबल 'अजून येणार' म्हणून बँकरवर जातं आणि उरलेलं निम्मं 'आता पलटणार' म्हणून प्लेअरवर.

दोघांच्याही म्हणण्याला आधार नाही. टाय सोडले तर बँकर 50.68 टक्के आणि प्लेअर 49.32 टक्के, हे प्रमाण सहा लाल आल्यावरही जवळजवळ तेच राहतं. शूमधली पानं कमी होतात तसा किंचित फरक पडतो, पण तो इतका बारीक की कामाचा नाही. ब्लॅकजॅकमध्ये पानं मोजून कॅसिनोंना घाम फोडणाऱ्या एडवर्ड थॉर्प या गणितज्ञानं 1960 च्या दशकात बॅकराही तपासला होता, आणि मुख्य बेटांवर पानं मोजण्याचा उपयोग नाही हेच निघालं. तक्ता बघायला हरकत नाही, त्यात गंमत आहे. त्यावर बेट वाढवू नका.

बॅकरात कुणी कॅसिनोवर मात केल्याची गाजलेली गोष्ट फिल आयव्हीची. 2012 मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत या पोकरपटूनं पुंतो बँकोत 77 लाख पौंड जिंकले. त्यानं आणि त्याच्या साथीदारानं पानांच्या पाठीवरची नक्षी दोन कडांना किंचित वेगळी कापली गेल्याचं हेरलं होतं, आणि शुभशकुनाचा बहाणा करून डीलरकडून मोठी पानं उलटी फिरवून घेतली होती. कॅसिनोनं पैसे दिले नाहीत. खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2017 मध्ये आयव्ही हरला. त्याला पानांची पाठ वाचावी लागली, पडद्यावरच्या तक्त्यानं त्याचंही काम झालं नसतं.

हरलं की दुप्पट लावायची पद्धत तुम्हाला टेबलावरच कुणीतरी शिकवेल. 500 हरलात, 1,000 लावा. तेही गेले, 2,000. कधीतरी जिंकालच आणि सगळं भरून निघेल. आता पुढे लिहून बघा: 4,000, 8,000, 16,000, 32,000. सलग सात हार झाल्या की 63,500 गेलेले असतात आणि पुढचं बेट 64,000 चं, तेही टेबलाच्या वरच्या मर्यादेत बसलं तर. एवढा जीव टांगणीला कशासाठी, तर शेवटी 500 हातात यावेत म्हणून, आणि बँकरवर असाल तर कमिशनमुळे तेवढेही नाहीत. सलग सात हार दुर्मिळ वाटतात, पण जवळपास निम्म्या शक्यतेच्या खेळात सरासरी अडीचशे हातांत त्या एकदा येतात. तासाला साठ हात धरले तर चार तासांची रात्र. चाळीस-पन्नास वेळा 500 जिंकून माणसाला पद्धत सापडल्यासारखं वाटतं, आणि त्याच रात्री ती सगळं घेऊन जाते.

किती घेऊन बसायचं

सरासरीनं तासाला 318 जातात, तरी कुणाचाही तास असा 318 वर संपत नाही. 500 च्या साठ हातांत नशिबाचा हेलकावा दोन्ही बाजूंना साधारण 3,600 चा असतो. तीन जणांपैकी दोघं तासाअखेर 3,900 हरलेले ते 3,300 जिंकलेले या पट्ट्यात कुठेतरी असतात आणि तिसरा त्याच्याही बाहेर. म्हणून तासाभरासाठी तीस बेटांइतक्या चिप्स पुरतात, 500 च्या टेबलावर 15,000 च्या. कराचे वेगळे. एवढे पूर्ण गेले तरी घरखर्चाला, हप्त्याला, मुलांच्या फीला धक्का लागणार नसेल तरच बसा. तेवढे नसतील तर कमी मर्यादेचं टेबल शोधा किंवा नुसतं उभं राहून बघा, बघण्यावर बंदी नाही.

उरलेली रोकड आणि कार्ड खोलीवर ठेवून या. वाचायला साधं वाटेल, पण रात्री दोन वाजता हरलेले पैसे परत मिळवायची जी घाई सुटते तिच्यापुढे मनात ठरवलेला आकडा टिकत नाही, खोलीवर राहिलेलं कार्ड टिकतं. फुकट मिळतं म्हणून दारू पीत खेळू नका. वेग कमी ठेवा. मधला एखादा हात सोडून दिला तर कुणी काही म्हणत नाही, आणि वेगवान टेबलावर तासाला शंभरावर हात पडत असतील तर तुमचा तासाचा खर्चही त्याच मानानं वाढतो. जिंकत असाल तर बेट वाढवायची ओढ लागते; वाढवलं की वर काढलेले सगळे आकडे त्याच पटीत वाढतात, हे धरून चाला.

घरी न सांगता पैसे काढणं, उधारी करून परत जाणं, हरलेलं भरून काढायला पुन्हा गोव्याचं तिकीट काढणं, यांतलं काही तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या बाबतीत होत असेल तर सरकारच्या टेली-मानस या मोफत मदतवाहिनीवर 14416 ला फोन करा. मराठीत बोलता येतं.

उठताना

छोट्या चिप्सचा ढीग टेबलाच्या मध्यभागी सरकवून 'कलर अप' म्हणा. डीलर मोजून त्याच रकमेच्या मोठ्या चिप्स देईल. त्याच्या मोजणीवर लक्ष ठेवा, तो प्रत्येक गठ्ठा पसरून दाखवतो तो त्यासाठीच. मग काउंटरवर रोख घ्या आणि मिळेल ती पावती जपून ठेवा.

जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर लागतो. पत्त्यांच्या खेळातल्या कमाईला सरसकट 30 टक्के दर आहे, वर सेस वेगळा. तुमचं बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी यातून सूट नाही. शुक्रवारी हरलेले शनिवारी जिंकलेल्यांतून वजा करता येत नाहीत, बोटीचं पॅकेज आणि प्रवासाचा खर्चही नाही. रिटर्न भरताना सीएला हे आपणहून सांगा आणि पावत्या त्याच्याकडे द्या.